चांगुणाबाईंची खाच

माझ्या थोरल्या जाऊबाईंचा पुढचा दात तुम्ही बघायला पाहिजे होता. वरच्या ओळीतला, मधल्या दोघांतला डावा. त्याच्या खालच्या कडेला बरोब्बर मध्ये एक खाच होती, दोरा बसेल एवढी. पडून-झडून झालेली नव्हे, कमावलेली. लग्न होऊन मखमलाबादला आल्यापासून बाई हार गुंफत होत्या आणि प्रत्येक हाराचा दोरा त्याच दातानं तोडत होत्या. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवलेला, एका हातात फुलं, दुसऱ्या हातात सुई, मग कात्री धरायला तिसरा हात आणायचा कुठून? मान खाली जायची, दोरा खाचेत बसायचा, टक् आवाज यायचा, की हार गिऱ्हाइकाच्या हातात. नाशिकच्या सराफ बाजाराच्या खाली फुलबाजारात आमची बसायची जागा, तिथं पलीकडच्या ओळीतल्या बायकासुद्धा तो आवाज ओळखायच्या.

नाव त्यांचं चांगुणा. मी कमळा, धाकटी जाऊ. मी त्यांना बाई म्हणते आणि त्या मला कमळे म्हणतात, आणि दिवसातून एकदा तरी आमचं वाजतं. वाजलं नाही तर शेजारचे विचारतात, काय गं, बरं नाही का म्हणून. दोरा तोडण्यात माझा काही उपयोग नाही. टेम्पोतून शेवंतीचे क्रेट उतरवताना एक क्रेट तोंडावर आला आणि पुढचे दोन्ही दात गेले. तेव्हापासून मला कवळी. कवळीनं दोरा ओढायला गेलं की दोऱ्याबरोबर कवळीच बाहेर येते. हे मी एकदाच करून बघितलं, तेही नेमकं गिऱ्हाइकासमोर. तो बिचारा हार न घेताच गेला.

आमच्या सासूबाई आक्काबाई जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांचे नेम अजून आमच्या मानेवर बसून आहेत. देवाच्या हाराला तोंड लावायचं नाही, उष्टं होतं. त्याला वेगळी कात्री, पितळेच्या डब्यात ठेवलेली, मुठीला लाल दोरा बांधलेली. माणसाच्या हाराला ती कात्री लावायची नाही, तिथं दात. पुढारी असो, नवरदेव असो, रिटायर होणारा मास्तर असो, सगळ्यांचा दोरा बाईंच्या दातानं तुटलेला. माणसाला माणसाचं उष्टं चालतं, असं सासूबाई म्हणायच्या, आणि आजवर एकाही पुढाऱ्यानं तक्रार केलेली नाही.

आणि तिसरा नेम लेकीचा. लेकीच्या लग्नाचा हार आईनं स्वतः गुंफायचा. शेवटचा दोरा लांब सोडायचा आणि त्याचं टोक आपल्या मनगटाला गुंडाळून ठेवायचं. अंतरपाट दूर झाला की भर मांडवात आईनं तो दोरा दातानं तोडायचा आणि मगच हार लेकीच्या हातात द्यायचा. लोखंड लावायचं नाही. लहानपणी आईचा उष्टा घास खाऊन वाढली, तर जाताना आईचा उष्टा दोरा घेऊन जाऊ दे, असं सासूबाईंचं म्हणणं. आमच्या तिन्ही नणंदा अशाच गेल्या. ज्या लेकीचा दोरा असा तुटत नाही ती सासरी धड रुळत नाही, असंही सासूबाई म्हणायच्या. हे खरं की खोटं देव जाणे, पण बाईंच्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं.

२००७ सालची गोष्ट. बाईंची एकुलती एक लेक प्रतिभा, तिचं लग्न कळवणच्या जीवनशी ठरलं. पोरगा चांगला, शाळेत शिक्षक. तारीख वैशाखातली. हाराची फुलंसुद्धा बाईंनी तेव्हाच ठरवून टाकली, गुलाब आणि निशिगंध, मध्ये मध्ये मरवा. पोरीची साडी ठरायच्या आधी हार ठरला.

त्याच सुमारास बाजारात दातांचं मोफत शिबिर लागलं. बाईंची दाढ ठणकत होती म्हणून त्या जाऊन बसल्या. तपासायला एक शिकाऊ पोरगी होती, बोलायला इतकी गोड की माझीसुद्धा कवळी काढून तिला दाखवावीशी वाटली. तिनं दाढेचं काम केलं. मग तिचं लक्ष खाचेकडे गेलं. मावशी, तुमचा पुढचा दात तुटलाय, तोही नीट करून देते, असं काहीसं ती म्हणाली. बाईंच्या तोंडात कापसाचे बोळे. त्या म्हणाल्या, "अं." त्या "अं"चा अर्थ नाय असा होता असं बाई आजही शपथेवर सांगतात. पोरीनं हो समजून दाताला काहीतरी चोळलं, मसाला भरला, निळा दिवा दाखवला, घासूनपुसून गुळगुळीत केलं आणि आरसा पुढं धरला. खाच गायब. दात असा सपाट की जन्मात कधी दोरा बघितलाच नाही.

आता खरं सांगू का, दिसायला बाई झकास दिसत होत्या. घरी आल्यावर प्रतिभा तर नाचायलाच लागली. तिला त्या खाचेची लाज वाटायची, कॉलेजातल्या मैत्रिणी आल्या की आईला सांगायची, हसताना तोंडावर पदर घे. तिनं लगेच बाईंचा फोटो काढला. बाईसुद्धा जाता-येता स्टीलच्या डब्यात तोंड बघायच्या. मी म्हणाले, आता तुम्हालाच बघायला पाहुणे येतील. त्यावर त्यांनी मला डबा फेकून मारला.

दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं, गजरा मागितला. बाईंनी गजरा बांधला, मान खाली घातली, दोरा दातात धरला आणि ओढला. दोरा सटकला. परत धरला, परत सटकला. मग त्या चावायला लागल्या. गाय कडबा चघळते तसा दोरा या गालातून त्या गालात. गिऱ्हाईक त्यांच्या तोंडाकडे बघत बसलं. शेवटी दोरा ओला होऊन तंतू तंतू झाला, बाईंनी हिसडा दिला आणि अख्खा गजरा सुटून मोगरा भुईवर पडला. मला इतकं हसू आलं की मी टोपलीच्या आड जाऊन बसले.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी भुईवरची फुलं वेचली आणि हळूच मला म्हणाल्या, "कमळे, प्रतिभाचा दोरा मी कशानं तोडू गं?" तेव्हा कुठं माझं हसू थांबलं.

मी आपली सुचवत राहिले. दुसऱ्या दातानं तोडा की. त्यांनी सगळे दात वापरून बघितले, सुळ्यापासून दाढेपर्यंत. दाढेत दोरा घातला की तो बाहेर काढायलाच दहा माणसं लागायची. धंद्यापुरती मी एक नवी कात्री आणून दिली, तर तिथं वेगळंच रामायण झालं. देवाच्या कात्रीचा लाल दोरा पाण्यानं कुजून कधीच गळून पडला होता. दोन कात्र्या शेजारी शेजारी आल्या, आणि एका नगरसेवकाच्या सत्काराचे ढीगभर हार करून दिल्यावर बाईंच्या लक्षात आलं की आपण कुठली कात्री वापरली ते आपल्याला ठाऊक नाही. कपाळाला हात लावून बसल्या. मग दोन्ही कात्र्या गोदावरीत नेऊन धुतल्या, आणि धुताना परत कुठली कुठली ते विसरल्या. मी म्हणाले, बाई, आता दोन्ही देवाच्या समजा आणि नगरसेवकालाही देव समजा. त्या दिवशी आमचं चांगलंच वाजलं. शेवटी मी तिसरी कात्री आणली आणि तिला हिरवी चिंधी बांधली.

पण कात्री काही मांडवात चालणार नव्हती. बाई आमच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या, मीही गेले. डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनी बघितलं आणि विचारलं, मावशी, इतका छान भरलेला दात उकरायचा कशाला? बाई म्हणाल्या, माझी खाच मला परत पाहिजे. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, म्हणजे बाई शुद्धीवर आहेत असं कळावं म्हणून. मग त्यांनी समजावून सांगितलं. मसाला दाताच्या रंगाचाच आहे. दात कुठं संपतो आणि मसाला कुठं सुरू होतो ते डोळ्याला नीट दिसत नाही. फिरत्या चाकानं घासायचं म्हटलं तर मसाल्याबरोबर दाताचं वरचं कवचही जाईल, ते एकदा गेलं की परत उगवत नाही. खाचेच्या कडा आधीच पातळ, त्या उडाल्या तर मोठं खिंडार पडेल. आणि तसंच चावत राहिलात तर मसाला निघताना दाताचा टवका घेऊन जाईल. बाईंनी विचारलं, म्हणजे खाच राहील का नाय? तशी खात्री देता येणार नाही, असं ते म्हणाले, आणि प्रामाणिकपणे आम्हाला परत पाठवलं.

घरी आल्यावर बाई जेवल्या नाहीत. प्रतिभानं विचारलं तर म्हणाल्या, दाढ दुखते. दाढ कधीच बरी झाली होती. मग मीच पोरीला सगळं सांगितलं. तिला हा दोऱ्याचा नेम ठाऊक होता, पण आईच्या जिवाला एवढा घोर लागलाय हे ठाऊक नव्हतं. खाच गेल्याचा जिला सगळ्यात जास्त आनंद झाला होता, तीच पोरगी सकाळी उठून नाशिकभर दातांचे दवाखाने पालथे घालायला निघाली. गंगापूर रोडवर तिला पाटी दिसली, दातांसाठी लेझर.

तिथल्या डॉक्टर रिदा. वय लहान, हसणं मोठं. दारात आम्हाला बघून त्यांनीच बाईंना ओळखलं. त्यांच्या भावाच्या, शाहनवाजच्या, निकाहाचा सेहरा बाईंनीच गुंफलेला होता. सेहऱ्याच्या लड्या तोडताना बाईंचा टक् टक् आवाज ऐकत त्या बाजारात उभ्या राहिल्या होत्या, हेही त्यांना आठवत होतं. बाईंनी खाचेचं सांगितलं तशा डॉक्टरीणबाई खुर्चीत मागं टेकून हसायला लागल्या. लोक माझ्याकडे खाच बुजवायला येतात, मावशी, उघडायला आलेल्या तुम्ही पहिल्या, म्हणाल्या. मग चष्म्यावर भिंग लावून त्यांनी दात नीट बघितला आणि हसणं थांबवलं.

त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. लेझर म्हणजे उजेडच, पण एका जागी गोळा केलेला, आणि एकेक ठिणगीसारखा सुटणारा. मसाला त्याला लवकर बळी पडतो, भुगा होऊन उडून जातो. दाताचं कवच जास्त टणक. म्हणून जोर एवढाच ठेवायचा की मसाला उडेल आणि कवच टिकेल. वरून पाण्याचा फवारा असतो, दात तापत नाही. पण हात सैल सोडून चालत नाही, कवचापर्यंत पोचलो की थांबायचं. बाईंनी विचारलं, गॅरंटी? त्या म्हणाल्या, गॅरंटी नाही, पण घाई करणार नाही, थोडं करीन, बघीन, मग पुढं. आणि एक अट घातली. दोरा तोडून तोडून हा दात झिजलाय, असंच चाललं तर एक दिवस तुटेल. तेव्हा लेकीचा दोरा तोडा, आणि नंतर खाच परत भरून घ्यायला या. बाईंनी देवाशप्पथ कबूल केलं. कबूल करताना त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, ते का ते मला तेव्हा कळलं नाही.

कामाच्या दिवशी सगळ्यांना गॉगल. बाईंना गॉगल, डॉक्टरीणबाईंना गॉगल, प्रतिभाला गॉगल आणि मलाही गॉगल. नऊवारी, कपाळभर कुंकू आणि त्यावर तो गॉगल, आरशात बघून मला वाटलं आता मोटारसायकलवर बसून पंचवटीला चक्कर मारून यावी. प्रतिभानं हळूच चिमटा काढला तेव्हा गप्प बसले. बाईंनी पिशवीतून हाराच्या दोऱ्याचं रीळ काढून मांडीवर ठेवलं. हे कशाला, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. माप घ्यायला, बाई म्हणाल्या.

आणि खरंच तसंच झालं. मशीन चट चट करायला लागलं, फोडणीत मोहरी तडतडते तसं. जरासा जळका वास आला. थोडं झालं की डॉक्टरीणबाई थांबायच्या, दात कोरडा करायच्या, भिंगातून बघायच्या. मसाला कोरड्या दातावर खडूसारखा वेगळा दिसतो, म्हणाल्या. मग बाई हात वर करायच्या, रिळाचा दोरा तोंडात धरायच्या आणि बोलायच्या, "अजून वर बसतोय." परत चट चट. परत दोरा. "अजून जरासा." डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना, हसताना हात हलेल म्हणून त्यांनी मशीनच बंद ठेवलं, आणि मग आम्ही चौघी गॉगल लावून हसत बसलो. शेजारच्या खोलीतला पेशंट डोकावून गेला. दवाखान्यात इतकी मजा मी आजवर केली नाही.

शेवटी बाईंनी दोरा धरला आणि तो खाचेत बसला. डोळे मिटले. मान खाली घातली.

टक्.

डॉक्टरीणबाईंनी घाईघाईनं बाईंचं तोंड उघडलं आणि भिंग लावून बघत राहिल्या. आम्ही श्वास धरून उभ्या. कड जशीच्या तशी आहे, खाचेच्या आत तुमचाच दात चकाकतोय, असं त्या म्हणाल्या. बाईंनी तुटलेला दोरा डॉक्टरीणबाईंच्या मनगटाला बांधून टाकला, दुसरं काही जवळ नव्हतं म्हणून. प्रतिभा आईचा गाल धरून म्हणाली, "आता हसताना पदर घेऊ नको बरं का." बाई तिच्याकडे बघून हसल्या, खाचेसकट.

लग्न मखमलाबाद रोडच्या एका लॉन्सवर झालं. हार असा झाला होता की कळवणची मंडळी नवरीआधी हारच बघत होती. दोऱ्याचं टोक बाईंच्या मनगटाला. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, बँडवाल्यानं आपलं सुरू केलं, अंतरपाट बाजूला झाला. बाई पुढं झाल्या. दोरा उचलला, खाचेत बसवला, आणि थांबल्या.

आम्हाला वाटलं आता टक् होईल. होईना. बाई दोरा दातात धरून लेकीकडे बघत उभ्या. डोळे भरलेले. भटजी मुहूर्त मुहूर्त करायला लागले. जीवन हार घेऊन ताटकळलेला, त्याची आई मागून विचारतेय, काय झालं, दात अडकला का? बँडवाला अर्ध्यात थांबला. मी मागून बाईंच्या कंबरेला ढोसलं तरी उपयोग नाही. एवढा लेझरनं मोकळा केलेला दात, आणि तो हलायलाच तयार नाही.

प्रतिभा वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "आई, तोड की गं."

"तोडते, थांब की," बाई दात मिटूनच म्हणाल्या. म्हणजे तसं म्हणायचं होतं, बाहेर आलं ते "थोथथे, थांथ की" असं काहीतरी. प्रतिभाला हसू फुटलं. नवरी भर मांडवात खो खो हसायला लागली, तिला बघून बाईंना हसू आलं, रडता रडता, आणि त्या हसण्यात दात एकमेकांवर बसले. टक् झालं. दोरा तुटला होता. हार लेकीच्या हातात गेला आणि बँडवाल्यानं सुटकेचा असा ढोल बडवला की विचारू नका.

प्रतिभा कळवणला छान रुळली. सुट्टीत आली की आता तीच आईचे हसरे फोटो काढते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी डॉक्टर रिदा झेंडू घ्यायला बाजारात आल्या. बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. बाई दारांसाठी, गाड्यांसाठी हारामागून हार काढत होत्या, हिरव्या चिंधीच्या कात्रीनं. कात्री उचलताना शिव्या देत होत्या, पण दात लावत नव्हत्या. डॉक्टरीणबाईंनी ते बघितलं, खूश झाल्या. मग विचारलं, मावशी, कबूल केलं होतं, खाच भरायला कधी येताय? बाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. डॉक्टरीणबाईंनी परत विचारलं.

माझी साधना तिथंच बसली होती, नववीतली, झेंडूचे देठ खुडत. आमच्या घरात तो नेम, आणि माझ्या तोंडात ही कवळी. साधनाच्या लग्नात काय करायचं ह्याचा विचार मी किती वेळा केला असेल, पण कधी कुणाला बोलले नव्हते. आमच्या बाईंना तर मुळीच नाही, नाहीतर त्यांनी आयुष्यभर मला चिडवलं असतं.

बाईंनी हिरव्या चिंधीची कात्री खाली ठेवली. साधनाच्या डोक्यावर झेंडूनं पिवळे झालेले हात ठेवले आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "अजून एक लेक हाय घरात. हिच्या आईला दात नाय."